पाचोळ्यातला जागल्या

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागते. वैशाखात इथली काळी रानं नांगरून तापत पडलेली असतात, पारा चाळिशी ओलांडतो आणि बांधावर फूल औषधालाही सापडत नाही. अशा दिवसांत फुलपाखरू पाहायचं तर जुन्या आंब्याखाली जावं आणि पाचोळ्यावर नजर ठेवावी. पावलापुढून एक पान उठतं, धडपडत चार हात उडतं आणि पुन्हा पानांत पान होऊन बसतं. हाच तो. पुस्तकात कॉमन इव्हिनिंग ब्राऊन, शास्त्रात मेलॅनायटिस लेडा. मी त्याला जागल्या म्हणतो. दिवसभर घोंगडं पांघरून पडायचं आणि दिवेलागणीला फेरीला निघायचं, हा त्याचा शिरस्ता.

ते घोंगडं मोठं देखणं. मिटलेल्या पंखांवर वाळल्या पानाची मधली शीर, बुरशीचे ठिपके, करपलेली कड, सगळं उतरलेलं. पुढच्या पंखाचं टोक तिरकं, मागच्याला देठाएवढं शेपूट. दोन जागल्यांची नक्षी सहसा जुळत नाही. पाचोळ्यातली दोन पानं तरी कुठे जुळतात?

हा वेष कोरड्या दिवसांचा. पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे उमटतात. पक्ष्याची चोच त्या खोट्या डोळ्यांवर पडली तर पंखाचा तुकडा जातो, पण जीव वाचतो. वाळल्या पानांत मात्र तेच डोळे घात करतील, म्हणून उन्हाळ्यात ते पुसट होतात. कोणता वेष मिळणार हे अळी असतानाच ठरतं, मुख्यतः भोवतीच्या तापमानावरून. अळीचं पोट गवतावर, भातावर. गवतच वाळलेलं असताना अंडी घालून काय उपयोग? म्हणून ही पिढी अंडी घालणं लांबवते आणि पावसाची वाट बघते. तोवर झाडाखाली पडून आंबलेला आंबा आणि खोडातून पाझरणारा रस तिला पुरतो.

याचा फोटो घ्यायचा तर तो बसला ती जागा नजरेतून सोडू नये. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. थांबत थांबत पुढे सरकावं, पोटावर पडावं आणि कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरावा, म्हणजे टोकापासून शेपटापर्यंत सारी नक्षी स्पष्ट येते. झाडाखालचा मऊ उजेड पुरेसा असतो; झगझगीत फ्लॅशने तपकिरी रंगाच्या छटा मरतात. चांगल्या फोटोसाठी त्याला पुन्हा पुन्हा उठवणं मात्र क्रूरपणा आहे. दडून राहणं हाच त्याचा बचाव, तो आपण मोडू नये. वरच्या बाजूचा केशरी डाग आणि त्यातला काळा ठिपका पाहायचा असेल तर संध्याकाळपर्यंत बसावं.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि त्या निळ्या-काळ्या रूपाला तो शोभतोच. झरीच्या जागल्याला मान नको, पाचोळा हवा. झाडाखालचं झाडून ढिगाला काडी लावली की पानांबरोबर तोही जळतो. तोच पाला राहू दिला तर जमिनीत ओल टिकते आणि कुजून झाडालाच खत मिळतं. आमराईच्या एका कोपऱ्यातला पाचोळा मृग लागेपर्यंत तसाच ठेवा. गवत फुटेल तेव्हा त्यावर अंडी घालायला मादी जिवंत असली पाहिजे.