गोडी आणि छडी

मुलांना छडीने वळण लावावे की गोडीने, या वादात मी कायम गोडीच्या बाजूचा. म्हणूनच शांघायच्या डॉक्टर वांग झेनयी यांची हकीकत वाचून मला कोण आनंद झाला!

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी पोरवयातच अडून बसतात. मोठ्या होत नाहीत, नुसत्या संख्येने वाढतात. केमोथेरपी त्यांना ठार मारते. वांग यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले रेटिनॉइक आम्ल दिले. हट्टी पेशी मोठ्या झाल्या, शहाण्या झाल्या आणि वय होऊन मेल्या. पोर वाचली!

पण पुढे नुसत्या गोडीवर ठेवलेल्या कित्येकांचे दुखणे काही महिन्यांतच उलटले. मग दोन्ही उपाय एकत्र आले: वळतील त्या पेशींना वळवायचे, उरलेल्यांचा केमोथेरपीने समाचार घ्यायचा. बहुतेक रोगी बरे होऊ लागले. आता धोका कमी असेल, तर केमोथेरपीऐवजी सोमलही चालतो.

पेशींपुरती ही छडी मला मान्य आहे. मुलांचे तसे नाही. ती पोरवयात अडून बसत नाहीत. जरा धीर धरला, की आपली आपण मोठी होतात.