ते नारिंग, ती अरांचीना

सिसिलीत भाताचा एक तळलेला पदार्थ मिळतो. केशराने पिवळ्या झालेल्या भाताचा गोळा करायचा, पोटात खिम्याचा दाट रस्सा आणि मटार भरायचे, वर पावाचा चुरा लावून तळायचे. दिसायला हुबेहूब नारिंग; म्हणून नावही ‘छोटे नारिंग’ या अर्थाचे. अर्थाबद्दल कुणाचे दुमत नाही. भांडण आहे ते लिंगाचे. पालेर्मोचे लोक तिला ‘अरांचीना’ म्हणतात, कातानियाचे लोक त्याला ‘अरांचीनो’ म्हणतात, आणि दोघेही हटत नाहीत.

व्याकरण दोघांच्याही बाजूने आहे. प्रमाण इटालियनमध्ये नारिंगाचे फळ स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी. सिसिलियन बोलीत मात्र फळच पुल्लिंगी. गंमत अशी, की १८५७ साली खुद्द पालेर्मोत छापलेल्या बियुंदी यांच्या सिसिलियन-इटालियन कोशात हा शब्द पुल्लिंगीच नोंदवलेला आहे. शेवटी २०१६ साली फ्लॉरेन्सच्या ‘अकादेमिया देल्ला क्रुस्का’ने, म्हणजे १५८३ पासून इटालियन भाषेची राखण करणाऱ्या संस्थेने, दोन्ही रूपे ग्राह्य ठरवली.

या शब्दाशी आपलेही नाते आहे. संस्कृत ‘नारंग’ फारसीतून अरबीत ‘नारंज’ होऊन इटलीत पोचला. तेथे आरंभीचा ‘न’ आधीच्या ‘उन्’ या उपपदात विरून गेला. व्हेनिसच्या बोलीत तो अजून टिकून आहे. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी, मराठीत मात्र ‘ते नारिंग’. इतक्या मुलुखांतून हिंडलेल्या शब्दाचे ‘खरे’ लिंग कोणते म्हणायचे?

शब्दाच्या लिंगावरून मीही एकदा निवाडा दिला होता. विदर्भातून आलेल्या एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ‘मजा आला’ असे लिहिले होते. मी लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला. “सर, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात,” ती म्हणाली. “प्रमाण मराठीत लिहीत जा,” मी म्हणालो. वास्तविक ‘मजा’ हा शब्द आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत एकाहून अधिक लिंगांत आढळणाऱ्या शब्दांच्या यादीत, ‘बाग’, ‘ढेकर’, ‘तंबाखू’ यांच्या शेजारी बसलेला असतो. ती यादी त्याच वर्गाला मीच शिकवली होती.

तो अर्धा गुण मी तिला परत दिला नाही.