आजीच्या सदतीस पानांसाठी विंडोज ९८

मंडळी, गेले पंधरा दिवस रात्रीची जेवणं उरकली की मी विंडोज ९८ चालू करून बसतोय. हो, तेच ते. हिरवट-निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात 'माय कॉम्प्युटर', खाली करडी पट्टी. घरात समज असा की याला जुन्या दिवसांची हुक्की आलीय. तसं नाही. कारण आहे आजीची सदतीस पानं.

नातेवाईकांपैकी बऱ्याच जणांना ही पानं ऐकून माहीत आहेत, वाचलीत फार थोड्यांनी. दादाचं (माझा थोरला चुलतभाऊ) देवळालीत डीटीपीचं दुकान होतं. देवळाली म्हणजे नाशिकची नव्हे, आमची राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दशक्रियेच्या पत्रिका असली कामं. २००० सालच्या उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजी दुकानात येऊन बसायची. फॅनचा वारा खात ती बोलायची आणि दादा तिच्याच भाषेत टाईप करायचा. 'विहीर' नाही, 'इहीर'. 'होती' नाही, 'व्हती'. एकच प्रत छापली, ती घर बदलताना गेली. आजी २००४ साली गेली. पुढं दुकान बंद झालं आणि सगळं सामान पत्र्याच्या पेटीत माळ्यावर चढलं.

यंदा दिवाळीत थोरल्या आत्यानं विचारलं, "आईचं ते बोलणं कुठं हाय रे? एकदा ऐकव." आत्याचं वय पंच्याऐंशी. म्हणजे पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखं काम नव्हतं.

पेटीतली सीडी चक्क वाचली गेली. फाईल होती पेजमेकर ६.५ ची. त्या काळी छपाईच्या दुकानात पेजमेकर म्हणजे किराणा दुकानातला तराजू, त्याच्याशिवाय धंदाच नाही. त्याची शेवटची आवृत्ती ७.० आली २००१ मध्ये, त्यानंतर ते संपलं. आजचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम ही फाईल उघडतो म्हणून उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं, टिंबं, कंस. सदतीस पानं नुसती अशी.

हे का होतं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या छापखान्यात खिळ्यांची केस असायची, प्रत्येक अक्षराला एक खण. संगणकाच्या जुन्या फॉन्टमध्ये असे २५६ खण, आणि ते ठरलेले इंग्रजीसाठी. आपल्या लोकांनी काय केलं, तर इंग्रजीच्याच खणांत मराठीचे तुकडे भरले. एकात अर्धा 'स', एकात काना, एकात रफार. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. फाईलमध्ये साठतो तो फक्त खणाचा नंबर. त्या खणात काय आहे हे सांगणार तो फॉन्ट. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, युनिकोडही त्याच वर्षी आलं. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट दिसायला लागली ती विंडोज २००० पासून. राहुरी तालुक्यातल्या दुकानापर्यंत ती पोचायला आणखी काही वर्षं गेली.

सीडीवर दादानं फॉन्टचं फोल्डरही ठेवलं होतं (छापखान्यात काम देताना फॉन्ट सोबत द्यायची पद्धतच होती). तो फॉन्ट आजच्या संगणकावर टाकला. मराठी दिसली! पण मध्ये मध्ये भोकं. काही खणांचा अर्थ आता बदललाय. एक खण आजच्या प्रोग्रॅमला 'न दिसणारी जोडरेघ' वाटतो, दुसरा नुसती मोकळी जागा, म्हणून त्यातलं मराठी तो दाखवतच नाही. आमच्या फाईलमध्ये गेला रफार. आजोबांचा सर्जा बैल 'सजा' झाला. कर्जाचं 'कज' झालं. सर्जा ओळखू येतो हो, पण आजीनं घेतलेली नावं, रानांची, पाहुण्यांची, ती आता अंदाजानं कोण भरणार?

म्हणून ठरवलं, फाईल जिथं जन्मली तसलंच घर तिला परत बांधून द्यायचं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत भासवलेला दुसरा संगणक. वाड्यातल्या एका खोलीत भाडेकरू ठेवावा आणि त्याला वाटावं की अख्खा वाडा आपलाच, तसं. विंडोज ९८ ची जुनी, विकत घेतलेली सीडी पेटीतच होती, पाकिटावरच्या पंचवीस अक्षरी कीसकट. या भाडेकरूला श्रीमंती मानवत नाही. मुळात १६ एमबी मेमरीवर चालणारा गडी, ५१२ च्या पुढं दिली तर गडबडतो हे जगजाहीर आहे. मी २५६ दिली. डिस्क दोन जीबीची. मग फ्लॉपीची इमेज लावून काळ्या पडद्यावर एफडिस्क, फॉरमॅट, सेटअप. पूर्वी ज्याला तासभर लागायचा ते दहा मिनिटांत आटोपलं. सुरुवातीला फक्त सोळा रंग दिसतात, त्यासाठी निराळा ड्रायव्हर टाकावा लागतो. मग पेजमेकर, मग फॉन्ट. फाईलवर डबल क्लिक केलं आणि पहिलं पान उघडलं. रफारासकट.

आमच्या घरात एक मोडीतलं खरेदीखत आहे. ते वाचायला आम्ही एका जाणकारांना गाठलं होतं. मोडी व्यवहारातून जाऊन सत्तरेक वर्षं झाली, तरी ती वाचणारा माणूस सापडतो. आजीची पानं पंचवीस वर्षांत मोडी झाली, आणि ती वाचायला माणूस नाही, एक आख्खं मेलेलं यंत्र उठवावं लागलं. विंडोज ९८ चा कंपनीनं दिलेला आधार ११ जुलै २००६ ला संपला. फाईल जपून ठेवली म्हणजे मजकूर जपला असं आपण समजतो. कुलूप जपून ठेवावं आणि किल्ली कुणाकडं आहे ते विचारू नये, तसं ते आहे.

पुढचं काम हमालीचं. आतल्या विंडोजमधून पानं पोस्टस्क्रिप्टमध्ये छापून त्याची पीडीएफ केली. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला आणि शेजारी पीडीएफ ठेवून ओळ न् ओळ तपासली. अकरा रात्री गेल्या.

मग श्रीरामपूरला आत्याकडं जाऊन वाचून दाखवलं. आमचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पण ते पाणी आमच्या लोकांना दिसायचं, रानाला मिळायचं नाही. आजी ते सगळं सांगते. वडाखालचं रान, चिंचेचा तुकडा, इहिरीचं तळ लागलं तो दिवस. मग १९७२ चा दुष्काळ येतो. खडी फोडायचं काम, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. त्या दुष्काळात आजी दीड वर्ष थोरल्या लेकीकडं फिरकली नव्हती. आत्या मला म्हणाली, "आई कशावरून तरी रुसली असंच मी धरून चालले. विचारलं न्हाई कधी." एकोणतिसाव्या पानावर आजीनं सांगितलंय:

"गेले असते तर लेकीनं पोराच्या ताटातलं काढून मला वाढलं असतं. म्हणून न्हाई गेले."

आत्या काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तेवढं परत वाच." मी तीनदा वाचलं.

असो. आता ही पानं युनिकोडमध्ये आहेत, आणि जाड कागदावर छापून पाच घरांत दिली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी कळवा. बाराव्या पानावरचं 'मधली पट्टी' म्हणजे नेमकं कुठलं रान यावर मतभेद आहेत, जुन्या लोकांनी सांगावं. आणि हो, तुमच्या माळ्यावरही एखादी सीडी असेलच. कुणाची दैनंदिनी, कुणाचा कुलवृत्तांत. ती नुसती सापडली म्हणून खूश होऊ नका, उघडून बघा. तिच्यासोबत फॉन्ट नसेल, तर ज्यानं ती टाईप केली त्या माणसाला आजच फोन करा. जुन्या विंडोजचं काय ते मी बघतो :)