माहेर न सोडलेली

मृगाच्या सरी घाटमाथ्यावर आदळल्या की ती बाहेर येते. सगळा उन्हाळा तिने कातळाच्या चिरेत, आतल्या ओलाव्याला अंग चिकटवून काढलेला असतो. म्हणायला पाण्यातला जीव, पण कल्ले ओले राहिले की तिला पुरतं. आधी चिरेच्या तोंडाशी देठावरचे दोन डोळे दिसतात. मग एक नांगी, मग दुसरी. धोका नाही असं वाटलं की सगळी ती, तिरकी, दगडाच्या कडेकडेने.

सिंधुदुर्गात तिला कुर्ली म्हणतात. शेताच्या बांधात बिळं करणारा मोठा, काळपट खेकडा तर दूरदूर पसरलेला आहे. त्याच्याविषयी मी बोलत नाही. ही सह्याद्रीच्या माथ्यावरची छोटी कुर्ली. कुठे गर्द जांभळी, कुठे शेंदरी नांग्यांची. जांभ्याच्या भोकांत, कधी झाडाच्या ढोलीतही राहणारी.

तिचं घर समजल्याशिवाय ती समजत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. चित्रातल्या ज्वालामुखीसारखा त्याचा शंकू झाला नाही. तो पसरला, निवला, त्याच्यावर पुन्हा दुसरा पसरला. 1646 मीटरचं कळसूबाई म्हणजे असे थरावर थर. एक थर टणक, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ. पावसाने ठिसूळ झिजला, टणक उभा राहिला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. भूवैज्ञानिक या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो पायरीसाठी असलेला स्वीडिश शब्द. निवताना लाव्ह्याला तडे गेले, ते तिचे दरवाजे. माथ्यावरचा दगड झिजून जांभा झाला, ती तिची कोठडी. आणि दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं, तिथे चैत्रातही ओल राहते. आगीतून निघालेल्या दगडाने एका पाणजीवाला इतकं सांभाळावं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

पण घर मिळालं म्हणून कोणी जन्मभर तिथेच राहत नाही. ती राहते, याचं कारण तिच्या पोटाखाली आहे.

खाडीतली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते. त्यांतून निघतात त्या अळ्या, खेकड्यासारख्या न दिसणाऱ्या. प्रवाहावर तरंगत त्या कुठल्या कुठे जातात. एका किनाऱ्याचं पोर दुसऱ्या किनाऱ्यावर मोठं होतं. कुर्लीचा संसार वेगळा. तिची अंडी मोजकी आणि मोठी. पोटाखालच्या रुंद झडपेत, पदराखाली धरावीत तशी ती धरून फिरते. अळीची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतं ते आठ पायांचं, दोन नांग्यांचं पुरतं पिल्लू. तेही काही दिवस आईलाच बिलगून असतं. वाहून जाणं तिच्या घराण्यात नाही. वलगणीचे मासे पहिल्या पुराबरोबर ओढा चढून जातात, ही तिथल्या तिथे.

आता महाबळेश्वर डोळ्यांसमोर आणा. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातो आणि सावित्रीतून पश्चिमेला बाणकोटच्या खाडीत. माणूस ही पाणलोटाची धार चालत ओलांडतो. वीतभरही नसलेल्या कुर्लीला, मधल्या उघड्या, तापलेल्या सड्यावरून, ते सहसा जमत नाही. अलीकडची अलीकडे, पलीकडची पलीकडे. हजारो पिढ्या अशाच गेल्या. एका खोऱ्यात नांगीचा बाक बदलला, दुसऱ्यात पाठीचा रंग. केव्हातरी त्या एकमेकींच्या राहिल्या नाहीत.

म्हणून तिच्या इतक्या जाती. 2014 मध्ये अभ्यासकांनी 'घाटियाना' ही नवी प्रजातीच मांडली, घाटाचंच नाव देऊन. 2016 मध्ये सह्याद्रीतून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती एकाच शोधनिबंधात आल्या. शेजाऱ्यांचीही अशीच कहाणी आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या इवल्या माशाला 2020 मध्ये त्या नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

मला तिची काळजी वाटते ती याचमुळे. खाडीतली एक जागा नासली तर दुसरीकडून पोरं वाहत येतील. इथे एका सड्यावर जांभ्याची खाण निघाली, झऱ्याच्या वाटेवर रस्ता फोडला, तर तिथली कुर्ली परत आणायला दुसरं खोरं धावून येत नाही. पावसाळी रात्री बॅटरी घेऊन ओढ्यावर जाणाऱ्यांना मी एवढंच सांगते की धरलेली उलटी करून पाहा, आणि झडपेखाली पिल्लं दिसली तर होती तिथेच, त्याच दगडाशी ठेवा.

एकदा पाहिलं होतं. पाऊस थांबलेला, ओढ्याकाठी बोटभर पाणी. तिने झडप सैल केली. तांदळाएवढी पिल्लं एकेक करून उतरली, जरा थबकली, आणि हातभर पलीकडच्या दगडाखाली शिरली.