उसवता येईल असं

1992 साली मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि वर्षभरातच आमचं कुटुंब डोंगरीच्या एका खोलीतून वाशीच्या सिडको वसाहतीत आलं. सामानात सर्वांत जड होतं ते खालाचं विणकामाचं मशीन. जपानी बनावटीचं, 200 सुयांचं. नव्या मुंबईच्या उकाड्यात स्वेटर कोण घालणार, असं शेजारी हसून विचारत. पण तान्ही बाळं, पुण्याच्या वसतिगृहातली पोरं, परदेशी निघालेले नातलग असं गिऱ्हाईक मिळत गेलं. आम्हा दोघी बहिणींची शाळेची फी त्यातूनच भरली गेली.

मशीनवर सरळ पट्टा कुणीही विणेल. त्याला अंगाचा आकार देणं अवघड. खाला आधी चौकोनी नमुना विणून धुवायची, वाळवायची, मगच पट्टी लावायची. 10 सेंटिमीटरला 28 टाके नि 40 ओळी आल्या, तर 50 सेंटिमीटरच्या पाठीला 140 टाके. बाही मनगटाशी 60 टाक्यांची, दंडाशी 110 ची. म्हणजे 150 ओळींत दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. त्रैराशिक आम्हाला खरं तर इथं कळलं. काखेच्या उताराला ती तीन डोळ्यांच्या हत्यारानं कडेचे तीन टाके एकदम एक सुई आत सरकवायची, म्हणून कड रेखीव यायची.

खाडीची दमट हवा मशीनला सोसत नसे. सुया गंजत. वरून सरकणारी गाडी मध्येच अडली तर जोर लावायचा नाही. खालच्या ब्रशात धागा गुंतलेला असतो. एकाच जागी टाके गळले तर त्या सुईची जीभ वाकली असं समजायचं. (ही जिभेची सुई लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडची, पेटंट 1849 चं.) सगळीकडेच गळू लागले तर सुया दाबून धरणारी फोमची पट्टी चेपलेली असते. एका मेकॅनिकनं नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं होतं. खालानं हार्डवेअरच्या दुकानातून फोमची फीत आणून पट्टीत बसवली.

आमचा वाद एकाच गोष्टीवर व्हायचा. बाजारात सरळ विणलेलं कापड कात्रीनं कापून शिवतात. त्यात निम्मा वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. आम्ही म्हणायचो, तूही तसंच कर. ती म्हणायची, "कापल्यावर ती लोकर राहत नाही गं, चिंध्या होतात." सुयांवरच आकार दिलेला भाग मात्र टोक सापडलं की सरसर उसवतो, अख्खा धागा हाती येतो. त्याच्या लडी करायच्या, धुवायच्या, वजन टांगून वाळवायच्या, की वळ्या जातात. या मेहनतीचे जास्त पैसे तिला कुणी दिले नाहीत, हेही खरंच.

थोरलीचा लाल फ्रॉक पुढं धाकटीचा स्वेटर झाला. परवा तोही उसवला. भाचीची टोपी होऊन दोन मोज्यांपुरती लोकर उरलीय.