रोलबॅक म्हणाला, ओके

मंगळवार, रात्रीचा दीड. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा होताना एरर आली, रोलबॅक झाला, आणि तरी वजा झालेले ते वजाच. संध्याकाळपासून मी कोड उसवत बसलो होतो. ट्राय-कॅच तपासलं, दोन्ही क्वेरी एकाच कनेक्शनवर आहेत ना ते पाहिलं, ऑटोकमिट बंद असल्याची दोनदा खात्री केली. सगळं जागच्या जागी. चहा तेवढा गार झाला.

शेवटी टेबलाची व्याख्याच उघडली. इंजिन: मायआयसॅम. कपाळावर हात मारला! या इंजिनाला ट्रान्झॅक्शन ठाऊकच नाही. लिहिलं ते लिहिलं. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी डीफॉल्ट झालं ते ५.५ पासून, म्हणजे २०१० साली. आमचं टेबल त्याआधीचं. सर्व्हर अपग्रेड होत गेला, टेबल जुन्याच इंजिनावर राहिलं.

राग याचा येतो, की रोलबॅक बिनबोभाट 'ओके' म्हणतो आणि खाली हळूच एक वॉर्निंग ठेवतो, ११९६ नंबरची. आमच्या कोडने ती कधी वाचलीच नाही.

टेबल इनोडीबीवर नेलं, रक्कम हाताने परत जमा केली. अजून चार टेबलं मायआयसॅमवर आहेत. ती उद्या.