न्यू ऑर्लिन्सची घरे ओळखताना

माझा पुतण्या अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने तिकीट पाठवले, माझी रजाही शिल्लक होती, म्हणून पंधरा दिवस जाऊन आलो. पहिल्याच सकाळी कामावर निघताना त्याने माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवले. म्हणाला, "काका, दिवसभर घरात बसून कंटाळाल. वाचनालयातून आणलंय. हे घ्या आणि घरं बघत फिरा."

पक्षी ओळखायची पुस्तके आपण पाहिलेली असतात. चोच कशी, शेपटी कशी, यावरून पक्ष्याचे नाव काढायचे. हे पुस्तक तसेच घरांचे आहे. व्हर्जिनिया आणि ली मॅकअ‍ॅलेस्टर या दोघांनी लिहिलेले हे 'अ फील्ड गाइड टू अमेरिकन हाउसेस' १९८४ साली निघाले आणि २०१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. असली पुस्तके तिकडे आधीही होती. मार्कस व्हिफेन यांचे १९६९ चे, जॉन ब्लुमेन्सन यांचे १९७७ चे. पण त्यांत भर नावाजलेल्या शैलींवर. मॅकअ‍ॅलेस्टर यांनी साध्या लोकांच्या घरांनाही जागा दिली.

पुस्तक वापरायची रीत सोपी आहे. रस्त्यावर उभे राहायचे आणि आधी छप्पर पाहायचे. उतरते की सपाट? मग ओटी, खांब, दार, खिडक्या. पुस्तकातल्या रेखाचित्रांशी एकेक खूण जुळवत गेले की शैलीचे नाव आणि काळ सापडतो. मी बी.कॉम. झालेला कारकून, वास्तुशास्त्राचा गंध नाही. तरी तासाभरात मला जमू लागले.

सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवरून जुनी हिरवी ट्राम जाते. तिने 'गार्डन डिस्ट्रिक्ट' या श्रीमंत वस्तीत उतरलो. समोरच एक मोठे पांढरे घर. दर्शनी बाजूला उंच खांब, खांबांवर रुंद पट्टी, दाराच्या दोन्ही बाजूंना काचेच्या अरुंद खिडक्या. पुस्तक उघडले. ग्रीक रिव्हायव्हल, १८२५ ते १८६०. पुढे चौथ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १८५९ साली बांधलेला 'कर्नल शॉर्ट्‌स व्हिला' लागला. ही इटालियनेट शैली. त्याचे कुंपण ओतीव लोखंडाचे, पण रूप मक्याच्या ताटांचे, कणसांसकट! लहान मुलासारखा मी एकेक घर ओळखत चाललो होतो.

मग एक गोष्ट लक्षात आली. ते भव्य खांब मला संगमरवरी वाटले होते. जवळ जाऊन पाहिले तर तसे नव्हे. कुठे लाकूड, कुठे विटांवर गिलावा आणि वर पांढरा रंग. म्हणजे ही शोभा दगडाची नव्हे, सुताराच्या आणि गवंड्याच्या हाताची. आणि १८६० पूर्वीच्या न्यू ऑर्लिन्समध्ये हे हात कोणाचे? या शहरात माणसांचा बाजार भरत होता. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. इथल्या बांधकामावर गुलाम राबले, आणि कसबी सुतार-गवंड्यांमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीरही पुष्कळ होते. पुस्तकात खांबाचे नाव मिळते, खांब उभारणाऱ्याचे मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेमे वस्तीत गेलो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्यात जुन्या वस्त्यांपैकी ही एक. जवळच काँगो स्क्वेअर आहे. गुलामांना रविवारी तिथे जमून नाच-गाणे करायची मुभा असे. ट्रेमेत अरुंद घरांच्या रांगा दिसल्या. रुंदी जेमतेम एका खोलीची. एकामागे एक तीन-चार खोल्या, मधे बोळ नाही. मागच्या खोलीत जायचे तर पुढच्या सगळ्या खोल्या ओलांडायच्या. याला 'शॉटगन' घर म्हणतात. पुढच्या दारातून गोळी झाडली तर थेट मागच्या दारातून बाहेर पडेल, म्हणून हे नाव, असे लोक सांगतात.

पुस्तकात हे घर लोकघरांच्या प्रकरणात येते, पण थोडक्यात. त्याची मोठी कहाणी जॉन मायकेल व्लाच या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडली. हे घर हैतीहून आले आणि त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेत आहेत, असे त्यांचे म्हणणे. हैतीत गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र देश उभा केला. त्या धामधुमीत क्युबाला गेलेले नऊ हजारांवर लोक १८०९-१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले. त्यांत गोरे होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. व्लाच यांचे मत सगळेच अभ्यासक मानतात असे नाही. पण ज्याला गरिबाचे खोपटे समजले जात होते, त्यालाही इतिहास असू शकतो, हे त्यांनी विचारायला लावले.

एका ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. हातातले पुस्तक पाहून त्यांनी बोलावले. पाने चाळली आणि म्हणाले, "माझे वडील गिलावा करायचे. तिकडच्या मोठ्या घरांच्या छतांवरची फुलं-पानं त्यांच्या हातची. आणि आम्ही राहायचो या घरात." जवळच्या क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूकडे बोट दाखवून ते म्हणाले, तिथे ओक वृक्षांची रांग होती. १९६० च्या दशकात झाडे तोडून डोक्यावरून महामार्ग नेला. २००५ च्या कॅटरिना वादळात शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर बाहेरच्यांना या घरांची गोडी लागली, किमती चढल्या आणि जुने शेजारी पांगले. "आता याला शैली म्हणतात," असे म्हणून ते हसले. मला हसू आले नाही.

मला माझे वडील आठवले. ते मुंबईत बांधकामावर बिगारी होते. बसने जाताना एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही आपली." लहानपणी मला वाटे, वडील थट्टा करतात. इमारतीवर नाव तर दुसऱ्याचेच असे.

परत निघताना पुतण्याने विचारले, "काका, किती शैली ओळखल्या?" मी म्हणालो, "सात-आठ." हे पुस्तक चांगलेच आहे. ते डोळे उघडते, आणि घराकडे नीट पाहायला शिकलेला माणूस पुढचा प्रश्नही विचारतो. वाचकहो, आपल्या मुलांना इमारती दाखवायला जरूर न्या. छप्पर दाखवा, खांब दाखवा, कमानी दाखवा. आणि तुमच्या घरातल्या कोणी तिथे घमेली वाहिली असतील, तर तेही मुलांना सांगा. ते पुस्तकात सापडणार नाही.